रथयात्रेचा हंगाम आणि पुरीचा निवासव्यवसाय

१७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी झालेल्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, त्यामुळे १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत रायपूर आणि समुद्रकाठची जगन्नाथपुरी ही दोन्ही ठिकाणे एकाच घराण्याच्या अमलाखाली होती.

छत्तीसगडसारख्या दूरच्या प्रदेशांतूनही यात्रेकरू येत असलेल्या या पुरीत मुक्कामाची मागणी तिथीवर ठरत असे. ज्येष्ठी पौर्णिमेच्या स्नानयात्रेपासून आषाढ शुद्ध द्वितीयेच्या रथयात्रेपर्यंत, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर, नगरात माणूस मावत नसे, तर इतर वेळी, फाल्गुनातील दोलयात्रेसारखे सण वगळता, पुष्कळशा खोल्या ओस पडत. पंड्यांचे, म्हणजे तीर्थोपाध्यायांचे, गुमास्ते गावोगाव हिंडून यजमान जमवीत आणि त्यांना आपापल्या घरी उतरवीत. यात्रेकरू देवळातील महाप्रसादावर राहत असल्याने स्वयंपाकघराची जागाही निजण्यास देता येई, आणि भाड्याचा मोबदला बहुधा दक्षिणेतच मिसळलेला असे. थोड्या दिवसांत वर्षाची कमाई करायची असल्यामुळे एकेका कोंदट खोलीत दाटीने माणसे भरणे हे या व्यवहाराचेच फळ होते.

या गर्दीतून पटकी पसरे आणि परतणाऱ्या जथ्यांबरोबर ती दूरवर जाई. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतातील यात्रांवर बोट ठेवले गेल्यावर सरकारवरील दडपण वाढले, आणि बंगाल सरकारच्या १८७१ च्या पुरी लॉजिंग हाऊस कायद्याने निवासघरांना परवाना सक्तीचा करून प्रत्येक घरात किती माणसे उतरवावीत याची मर्यादा आरोग्य अधिकाऱ्याच्या तपासणीनंतर ठरविण्याची पद्धत घातली, तसेच परवान्याच्या शुल्कातून नगराच्या स्वच्छतेचा खर्च भागविण्याची सोय केली. खोलीची क्षमता अशा रीतीने मालकाच्या मर्जीवरून सरकारी कागदावर आली, परंतु मागणीची लाट पूर्वीइतकीच उंच राहिली.

ती लाट बदलली रेल्वेने. १८९७ मध्ये खुर्दा रोड ते पुरी हा फाटा सुरू झाला, पुढे १९३१ मध्ये रायपूर–विजयनगरम मार्ग पूर्ण होऊन छत्तीसगडच्या यात्रेकरूंना पूर्व किनाऱ्याकडे जाण्याचा नवा रस्ता मिळाला, आणि आठवड्यांची पायपीट काही दिवसांच्या प्रवासावर आली. त्याचबरोबर दुर्गापूजेच्या सुटीत व हिवाळ्यात हवापालटासाठी येणारा बंगाली मध्यमवर्ग स्वर्गद्वाराजवळच्या किनाऱ्यावर उतरू लागला, बंगाल–नागपूर रेल्वेनेही पुरीत आपले हॉटेल चालविले, आणि पंचांगाने ठरणाऱ्या हंगामाला सुटीचा दुसरा हंगाम जोडला गेला. आरोग्याच्या कायद्याला गर्दीची मर्यादा आखता आली. रिकाम्या महिन्यांना गिऱ्हाईक मात्र रेल्वेनेच आणून दिले.