खारेपाट आणि गोडं पाणी

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे पडलं की उजव्या हाताला डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसू लागतात. त्यांच्या पलीकडे अंबा नदी आणि धरमतरची खाडी. उधाणाच्या भरतीला हे पाणी चढतं तेव्हा काठची भातशेती त्याच्या पातळीखाली असते. मधे उभा असतो तो फक्त मातीचा बांध. पेण आणि अलिबाग तालुक्यांतल्या या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. इथल्या माणसाची तब्येत डॉक्टरच्या किती तरी आधी या बांधावर ठरत आली आहे.

बांधाला जागोजागी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे पाण्याची वाट आणि तिला लावलेलं झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप मिटतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. या सगळ्या व्यवस्थेचा वैरी म्हणजे खेकडा. त्याने पाडलेल्या भोकातून आधी नुसती ओल झिरपते. तेव्हाच दोन घमेली चिखल दाबला तर निभावतं. नाही दाबला तर अमावास्या-पौर्णिमेच्या एखाद्या उधाणाला तिथेच खांड जाते आणि रात्रीत शेत खारं होतं. मग दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत तिथे भात धरत नाही. तेवढी वर्षं घरातलं भात संपलेलं, माणसं मजुरीला बाहेर आणि ताटात जे विकत आणणं परवडेल तेच.

जुन्या काळी ही देखभाल शिलोत्रदारांकडे होती. बांध घालून जमीन उठवणाऱ्याला बिघ्यामागे भाताचा ठरावीक वाटा मिळायचा, आणि त्या बदल्यात बाहेरचा बांध राखणं त्याच्यावर असायचं. इथल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीचं वर्णन आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खारजमीन कायदा आला, पुढे १९७९ चा, आणि बांध सरकारी खात्याकडे गेले. एकट्या गावाला न झेपणारे मोठे बांध सरकारी पैशाने झाले, ही प्रगतीच. पण खेकड्याचं भोक मंजुरीची वाट बघत थांबत नाही. गावाचा हात बांधावरून उठला आणि खात्याचा वेळेवर पोचेना. खाडीतून ये-जा करणाऱ्या बार्जच्या लाटांनी बांध खचतात, ही तक्रारही शेतकरी वर्षानुवर्षं करत आले आहेत.

बांध टिकला तरी पिकलेलं भात कुणाच्या कोठीत जाणार, हा प्रश्न उरायचाच. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ मध्ये कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप पंचवीस गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमिनी पडीक होत्या. लोकांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, अर्धपोटी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्यामागे उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवला आणि कसणारा मालक झाला. इतिहासाच्या पुस्तकांत चरीचा संप शेतकरी चळवळ म्हणून नोंदला जातो. तो या जिल्ह्याच्या आरोग्याच्या इतिहासातही नोंदला जायला हवा, कारण पोराच्या पोटात किती भात जाणार याचाच तो झगडा होता.

पाणी मात्र कायद्याने आलं नाही. खारेपाटातल्या विहिरीला मचूळ पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्यासाठी गावोगावी पावसाचं पाणी साठवणारी तळी होती. पाणी बदललं की आजार कसा हटतो हे नारूने दाखवून दिलं आहे. उघड्या पाण्यातून पसरणाऱ्या या रोगाने महाराष्ट्रासह सात राज्यं पछाडली होती. त्यावर लस नव्हती, औषध नव्हतं. हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

मग हेटवणे धरण झालं. पेण तालुक्यातल्याच डोंगरातलं हे पाणी आपल्या शेतांना मिळणार, असं खारेपाटाला सांगितलं होतं. कालवे रखडले, पाणी जलवाहिनीने नवी मुंबईकडे गेलं. त्यातच रिलायन्सच्या महामुंबई ‘सेझ’साठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, धरणाच्या याच लाभक्षेत्रातली जमीन मागितली गेली. शेतकरी अडून बसले, प्रा. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणच्या बावीस गावांत सरकारला शेतकऱ्यांचं सार्वमत घ्यावं लागलं. विरोध असा होता की ‘सेझ’ पुढे सरकलाच नाही.

या सार्वमताच्या तीनच आठवडे आधी, २८ ऑगस्टला, जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या, मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने आपला अहवाल जाहीर केला होता. माणूस कुठे जन्मतो, कसा राहतो, काय काम करतो, आणि सत्ता-पैसा कुणाच्या हाती आहे, यावर त्याचं आरोग्य ठरतं, असं त्यात म्हटलं होतं. खारेपाटाला हे अहवालातून कळायची गरज नव्हती. २०२५ च्या पुढच्या अहवालाने हिशेब मांडला: सर्वाधिक आणि सर्वात कमी आयुर्मानाच्या देशांत तेहतीस वर्षांचं अंतर आहे, आणि २००८ मध्ये ठरवलेली उद्दिष्टं हुकण्याच्या बेतात आहेत.

कामाचं म्हणाल तर, डोलवीचा कारखाना १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रो इस्पात या नावाने आला आणि २०१० च्या डिसेंबरात जेएसडब्ल्यूने घेतला. आज त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टन आहे. त्याने पगार आणले, महिन्याच्या महिन्याला येणारे. भातावर जगणाऱ्या घरासाठी ही मोठी गोष्ट. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली तेव्हा पोलादासाठी तयार होणारा प्राणवायू इथूनच टँकरमधून राज्यातल्या रुग्णालयांकडे गेला. त्या दिवसांत डोलवीने किती तरी माणसं जगवली.

उन्हाळ्यात याच तालुक्याच्या रस्त्यांवर दुसरे टँकर दिसतात, पिण्याच्या पाण्याचे. ते येण्याआधीच खारेपाटात बायकांच्या हंडे-कळश्यांची रांग लागलेली असते. हेटवण्याच्या पाण्यावर पहिला हक्क या रांगेचा आहे. तो आधी पुरा करा, मग उरलेलं पाणी वाटा.