पाटात मुरलेला वास

शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी आमच्या घरी मासळी हटकून असे. आणि मासळी चिरली की विळीच्या लाकडी पाटाला वास लागे. आजी तो पाट आधी चुलीतल्या राखेने घाशी, मग कालवणासाठी कोळलेल्या चिंचेचा उरलेला चोथा त्यावर चोळी आणि पाट धुऊन अंगणात उन्हाला उभा करी. शनिवारी त्याच विळीवर भाजी चिरली तरी तिला मासळीचा वास येत नसे. पुढे घरात प्लास्टिकचा पांढराशुभ्र फळा आला आणि आजीचा पाट ‘अस्वच्छ’ ठरून माळ्यावर गेला. हा निवाडा कोणी आणि कशाच्या आधारावर दिला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा पुष्कळ मागे जावे लागले.

रोमन कवी ऑव्हिड याने इसवी सन ८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ या काव्यात बॉसिस आणि फिलेमॉन या गरीब वृद्ध दांपत्याची कथा आहे. ज्युपिटर आणि मर्क्युरी हे देव वेषांतर करून त्यांच्या झोपडीत येतात. बॉसिस मेजाच्या आखूड पायाखाली खापरी सरकवते आणि पाहुण्यांना वाढण्यापूर्वी ते मेज ताज्या पुदिन्याने पुसून काढते. (लुस्त्र येथील लोकांनी संत पौल आणि बर्णबा यांना हेच दोन देव समजून नमन केल्याचा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ मध्ये आहे; ते गाव या कथेच्या प्रदेशापासून फारसे दूर नव्हते.)

बॉसिसच्या पुदिन्याने वास झाकला जातो. नाहीसा होत नाही. लाकूड म्हणजे मुळात झाडाच्या सूक्ष्म नलिकांचे जुडगे. त्यांत मासळीचे पाणी शोषले जाते, वरून पाट कोरडा दिसतो आणि पुन्हा पाणी पडताच वास डोके वर काढतो. शिळ्या होत जाणाऱ्या समुद्री मासळीत जंतूंमुळे ट्रायमिथिलअमाइन नावाचे अल्कधर्मी द्रव्य तयार होते. तो उग्र दर्प मुख्यतः त्याचाच. राखही अल्कधर्मी. ती तेलकटपणा काढते, परंतु तिने घासताना वास क्षणभर अधिकच उसळतो, कारण ते द्रव्य मोकळे होऊन हवेत जाते. मागाहून चिंचेतले आम्ल उरलेल्या द्रव्याशी संयोग पावते आणि त्याचे न उडणारे, पाण्यात सहज विरघळणारे क्षार बनतात. लिंबू किंवा शिरका हेच काम करतो. आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण क्रम मात्र तिने कधी चुकवला नाही.

युरोपात या कामी वेगळेच द्रव्य पुढे आले. शेले याने १७७४ मध्ये क्लोरीन वायू वेगळा केला. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. १८२० च्या दशकात पॅरिसचे औषधनिर्माते लाबाराक यांनी जनावरांची आतडी साफ करण्याच्या कारखान्यांतील असह्य दुर्गंधी क्लोरीनयुक्त द्रावणांनी घालवून दाखवली. आणि १८४७ च्या मे महिन्यात व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच चूर्णाच्या पाण्याने हात धुण्यास लावले. साबणाने धुतल्यानंतरही हातांना प्रेताचा वास राही, तो यामुळे जाई, एवढाच त्यांचा आधार होता. एप्रिलमध्ये त्या कक्षातील शंभरांपैकी १८ हून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास उतरले.

त्या मातांचे प्राण वासाच्या मागावर गेल्यामुळे वाचले, यात शंका नाही. परंतु पुढे वास म्हणजेच रोग आणि क्लोरीनचा दर्प म्हणजेच शुद्धता असे समीकरण घरोघरी रूढ झाले. त्यातूनच लाकडावर ठपका आला: जे वास शोषते ते जंतूही जपून ठेवत असणार! हा तर्क इतका सरळ वाटला की त्याची परीक्षा घेण्याची गरज फारशी कोणास भासली नाही.

ती परीक्षा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकडी फळ्या प्लास्टिकइतक्या सुरक्षित कशा कराव्यात, हे शोधण्यासाठी काम सुरू झाले होते, निघाले भलतेच. लाकडावर पडलेले जंतू पृष्ठभागाखाली ओढले जात, तेथे ते वाढत नसत आणि बहुतेक मरून जात. उलट सुरीचे घाव पडलेले प्लास्टिक हाताने घासून निर्जंतुक करणे कठीण ठरले. म्हणजे ज्या शोषकपणामुळे लाकूड वास धरून ठेवते, त्यातच जंतूंचाही शेवट होतो. अर्थात कच्च्या मांसाचा पाट न धुता त्यावर फळे चिरावीत, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

आजीचा पाट आता माळ्यावरून खाली आला आहे. घरात गॅस असल्यामुळे राख मिळत नाही. तिच्याऐवजी आम्ही जाडे मीठ वापरतो, चिंच मात्र तीच. एक सावधगिरी बाळगतो. विरंजक द्रावण लावलेल्या पाटावर चिंच, लिंबू किंवा शिरका चुकूनही घालत नाही, कारण त्यांच्या संयोगातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आजीच्या स्वयंपाकघरात ती बाटलीच नव्हती, त्यामुळे तिला हे कोणी सांगावे लागले नाही.