जपानी वैद्यकीय सैनिकांची युद्धकालीन चौकशी

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) शत्रूच्या हाती पडलेल्या जपानी भूसेनेच्या शुश्रूषा-पथकांतील सैनिकांकडून माहिती मिळविण्याची कार्यवाही. जखमींची मलमपट्टी करणे, त्यांना वाहून नेणे व औषधसाठा सांभाळणे ही या सैनिकांची कामे होत.

ब्रह्मदेश आघाडीवर जपानी कैदी विरळच मिळत. जानेवारी १९४१ मध्ये काढलेल्या ‘सेन्जिन्कुन’ या सैनिकी आचारसंहितेत जिवंतपणी कैद होण्याची नामुष्की पतकरू नये, असा दंडक होता. इंफाळ-कोहीमा मोहिमेत (मार्च–जुलै १९४४) सु. ८५,००० जपानी सैन्य उतरले, त्यांपैकी सु. ६०० कैद झाले व तेही बहुतांशी रोगाने आणि उपासमारीने गलितगात्र झालेले. त्यामुळे मृतांजवळच्या कागदपत्रांना महत्त्व आले. सांगशाक (मणिपूर) येथील लढाईत ५० व्या भारतीय छत्रीधारी ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. तेथे एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ मिळालेल्या नकाशावरून ३१ व्या जपानी डिव्हिजनचा रोख कोहीमाकडे असल्याचे उघड झाले. कागद मात्र प्रतिप्रश्नाला उत्तर देत नाही. म्हणून जिवंत कैद्याचे मोल वेगळे.

कैद होणेच निषिद्ध असल्याने कैदेत काय बोलू नये, याचे शिक्षण जपानी सैनिकास सहसा मिळालेले नसे. एकदा भीती ओसरली, की तो पुष्कळदा मोकळेपणाने बोले. त्यातही वैद्यकीय सैनिकास तुकडीतील रोग्यांची संख्या, तांदळाचे शिधामान, रुग्णालयांच्या जागा आणि क्विनिनचा साठा ठाऊक असे. १९४२ मध्ये जावा बेट जिंकल्याने जगातील सिंकोना-उत्पादनाचा फार मोठा भाग जपानच्या ताब्यात आला होता. तरीही आघाडीवर हिवताप, आमांश व बेरीबेरी यांनी सैन्य पोखरले जात असेल, तर पुरवठ्याची साखळी तुटली असल्याचे ते चिन्ह होते. सैन्याची तग धरण्याची शक्ती तोफांच्या मोजदादीपेक्षा अशा उत्तरांतून अधिक कळे.

चौकशीची रीत बळजबरीची असावीच असे नाही. जपानमध्ये मिशनरी म्हणून राहिलेले अमेरिकी मेजर शेरवुड मोरन यांनी १९४३ च्या टिपणात कैद्याच्याच भाषेत बोलावे व आधी त्याच्या जखमेची विचारपूस करावी, असे सुचविले. अमेरिकेतील जपानी वंशाच्या दुभाष्यांनी ब्रह्मदेशात हे काम केले. दिल्लीच्या लाल किल्ल्यातही चौकशी-केंद्र होते. आपण जिवंत असल्याचे घरी कळू नये, म्हणून कित्येक कैदी खोटी नावे सांगत.

कायद्याच्या दृष्टीने हा सैनिक युद्धकैदी नव्हेच. जखमींविषयीच्या १९२९ च्या जिनीव्हा करारानुसार [→ जिनीव्हा करार] केवळ शुश्रूषेसाठी नेमलेल्यांना संरक्षण होते व त्यांना परत पाठवावयाचे होते. जपानने हा करार १९३४ मध्ये अनुसमर्थित केला. युद्धकैद्यांविषयीचा करार मात्र केला नाही. परत पाठविण्यास लष्करी निकडीची अट असल्याने, कैद करणाऱ्यास भरपूर मोकळीक राही, हे या तरतुदीतील मोठेच वैगुण्य म्हटले पाहिजे.

हे संरक्षण गुन्ह्यास लागू नव्हते. माघारीच्या वेळी चालू न शकणाऱ्या रुग्णांना हातबॉम्ब देऊन मागे ठेवल्याच्या हकीकती पुढे उजेडात आल्या. डिसेंबर १९४९ मध्ये रशियातील खबारोव्हस्क येथे जंतुयुद्धाच्या तयारीबद्दल बारा जपानी सैनिकांवर खटला चालला. त्यांत सेनापती यामादा ओतोझो व सैनिकी डॉक्टरांबरोबरच कुरुशिमा यूजी आणि किकुची नोरिमित्सु हे कनिष्ठ परिचर होते; त्यांना अनुक्रमे तीन व दोन वर्षांची शिक्षा झाली.