बोगद्यापलीकडचा वसंत

2011 ते 2015 अशी चार वर्षं आम्ही झ्युरिकला होतो. तिथला एप्रिल म्हणजे कॅलेंडरवर वसंत आणि बाहेर भुरभुर पाऊस! हिवाळाभर घरात कोंडलेली मुलं पार कंटाळलेली असायची. मग शनिवारी सकाळी दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरायची आणि तिचिनोकडे जाणारी गोथार्डची गाडी पकडायची, हा आमचा दर वसंतातला ठरलेला कार्यक्रम.

वाटेत वासेन गावाचं चर्च तीनदा दिसतं, दर वेळी वेगळ्या उंचीवरून, कारण गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत चढत असते. मुलं ते मोजत बसायची. मग गोशेनेन यायचं आणि गाडी 15 किलोमीटरच्या बोगद्यात शिरायची. अलीकडे धुकं, पलीकडे बहुतेक वेळा लख्ख ऊन! आणखी खाली लोकार्नोला तर कॅमेलिया फुललेल्या असायच्या.

एकदा बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी, आइरोलोला उतरलो. तिथे स्टेशनपाशी विन्चेन्झो वेला या शिल्पकाराचं ब्राँझचं उठावशिल्प आहे. काही मजूर एकाला उचलून नेताहेत. धाकट्यानं विचारलं, "बाबा, हा झोपलाय का?"

झोपलेला नव्हता. 1872 मध्ये हा बोगदा खणायला घेतला. कंत्राटदार जिनिव्हाचे लुई फाव्र. मुदत आठ वर्षं, उशीर झाला तर रोजचा भारी दंड. मजूर बहुतेक इटालियन. आत सुरुंगाचा धूर, पाणी आणि जीवघेणा उकाडा. जुलै 1875 मध्ये गोशेनेनच्या मजुरांनी काम थांबवलं, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला आणि चौघे मेले. 1879 मध्ये खुद्द फाव्रही बोगद्यातच गेले. फेब्रुवारी 1880 मध्ये दोन्ही बाजू मिळाल्या, तेव्हा भोकातून सर्वांत आधी पलीकडे गेली ती त्यांची तसबीर. 1882 मध्ये गाड्या सुरू झाल्या. अपघातांत सुमारे 200 मजूर गेले. पोटात अंकुशकृमी घेऊन गावी परतलेले आणि तिकडे खंगून मेलेले या हिशेबात नाहीत.

मी कर्जतचा. 1863 मध्ये पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेवर हजारो मजूर मेले, कित्येक कॉलऱ्यानं. कंत्राटदार ट्रेडवेल यांचं नाव पुस्तकांत सापडतं. पण मजुरांचं असं शिल्प मी आमच्या घाटात कधी पाहिलं नाही. वेलांनी तर ते कुणी सांगितलं नसताना, स्वतःहून घडवलं होतं. तरी ते आइरोलोला उभं राहायला 1932 उजाडलं!

डिसेंबर 2016 पासून वेगवान गाड्या खालच्या 57 किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून जातात. तो खणतानाही 9 जण गेले. त्या गाडीतून ना वासेनचं चर्च दिसत, ना आइरोलो. असो. वसंतात तिकडे गेलात तर जुन्या मार्गाची सावकाश गाडी घ्या, आणि आइरोलोला उतरून पुढची येईपर्यंत थांबा. लोकार्नोची फुलं कुठे पळून जात नाहीत.