पारदर्शक थरांची गोष्ट

कार्टूनमधलं पात्र धावतं, मागचं झाड मात्र जागेवरच असतं. मग ते झाड दर फ्रेमला नव्याने का काढायचं? अमेरिकेत अर्ल हर्डने यावर उपाय काढला: पार्श्वभूमी कागदावर, पात्र वरच्या पारदर्शक सेल्युलॉइडवर. १९१५ साली त्याला पेटंट मिळालं.

मेहनत कमी झाली, संपली नाही. डिस्नेच्या स्टुडिओत या सेलवर शाई आणि रंग चढवायचं काम मुख्यतः बायका करत. त्या काळात पडद्यावर त्यांची नावं क्वचितच दिसत. शिवाय सेल्युलॉइड पूर्ण स्वच्छ नसे. थर वाढले की खालचे रंग मळकट होत.

१९७७च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी पारदर्शकताच आकड्यात बांधली. लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला प्रत्येक पिक्सेलची चौथी किंमत: अल्फा. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी थरावर थर चढवण्याचं गणित मांडलं.

आज तुम्ही पात्र वेगळं रेंडर करता, ते याच जोरावर. फ्रेम्स पीएनजीत ठेवल्या तर अल्फा टिकतो. जेपीजीत तो नसतो, म्हणून पात्रामागे रंगाचा चौकोन उरतो. पार्श्वभूमी बदलली तरी पात्राला हात लावावा लागत नाही.

जुन्या स्टुडिओंत कित्येक सेल धुऊन पुन्हा वापरले गेले. त्यांवरचे हात कायमचे पुसले गेले. तुमचे थर मात्र जपता येतात. फायनल व्हिडिओ निघाला म्हणून ते डिलीट करू नका.