दहा दिवस आणि तीन आठवडे

चिखलीच्या आमच्या मोठ्या आईने १९९७ साली डिप्रेशनच्या गोळ्या दहाव्या दिवशी सोडल्या. "काई फरक नाई पडत तं कायले खायाच्या ह्या गोया?" असं तिचं म्हणणं, आणि घरात कुणाकडेच त्याला उत्तर नव्हतं. शेजारपाजारचे "सैलानीला न्या" म्हणत होते. (बुलढाण्याबाहेरच्या मंडळींसाठी: पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि बाहेरची बाधा झाली असं समजून कितीतरी घरं आपलं माणूस तिथे आणतात.) मी त्यांना हसत नाही. पण बाबांच्या दारी महिनाभर थांबायची तयारी असलेले आम्ही, गोळीला मात्र दहाच दिवस दिले.

खरं तर तिने विचारलेला प्रश्न फार मोठा होता. गोळी मेंदूत काही तासांत पोचते, सेरोटोनिनवरचा परिणामही लगेच सुरू होतो. मग मन सावरायला दोन-चार आठवडे का लागतात?

यामागची कथा आपल्या सर्पगंधेपासून सुरू होते. तिने रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, जगभर वापरलं जाऊ लागलं, आणि काही रुग्ण खिन्न होऊ लागले. पुढे कळलं की रिसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये क्षयरोग्यांना दिलेल्या इप्रोनियाझिडने उलटाच चमत्कार केला, रोगी उत्साहाने वॉर्डात हिंडू लागले! झालं, सूत्र ठरलं: रसायन कमी पडलं की उदासी, भरून काढलं की बरं. सूत्र सुटसुटीत होतं, पण मोठ्या आईचे दहा दिवस त्यात बसत नव्हते.

ती गोळ्या सोडत होती त्याच काळात मुंबईच्या झेवियर्समधून गेलेली एक मुलगी, विदिता वैद्य, अमेरिकेत येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे पीएच.डी. करत होती. ड्युमन म्हणत होते की रसायनाची वाढ ही फक्त सुरुवात, खरं काम त्यानंतर पेशींच्या आत चालतं. २००० साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की औषध दोन ते चार आठवडे दिलं तर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात, पाच दिवस दिलं तर नाही. म्हणजे शेतात पाणी सोडलं म्हणून दुसऱ्या दिवशी कापूस येत नाही, तसंच काहीसं.

त्याच वर्षी वैद्य मुंबईत टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या. मधे स्वीडन आणि ऑक्सफर्ड झालं होतं, तरी परत आल्या. त्यांच्या गटाचा २०१० चा एक शोधनिबंध मला सगळ्यात जवळचा वाटतो. अल्फा-२ नावाचे रिसेप्टर मेंदूत ब्रेकसारखं काम करतात. इमिप्रामिन या जुन्या औषधासोबत ते रोखणारं औषध दिलं, तर उंदरांमध्ये तो आठवड्यांचा उशीर कमी होतो, असं त्यांना दिसलं. उंदरांमध्ये, हं. चिखलीच्या मेडिकलमध्ये अजून तसं काही मिळत नाही.

त्यांचं दुसरं मोठं काम लहानपणाचं आहे. उंदराची पिल्लं पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणीही ती भेदरट राहतात, आणि सेरोटोनिनचा टू-ए हा रिसेप्टर त्यात गुंतलेला आहे. त्या काळातच तो रोखला तर पुढचं नुकसान टळतं. हे वाचताना मला २००६ चं पंतप्रधान पॅकेज आठवलं. विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता. व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं. ज्या घरातला बाप गेला आणि आई रोजंदारीला लागली, त्या घरातल्या चार वर्षांच्या पोराच्या मनासाठी काय होतं? उंदरावरून माणसावर उडी मारू नये, हे कळतं. तरीही आठवलं.

वैद्य यांना २०१५ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये इन्फोसिस. मधे २०१९ मध्ये सेरोटोनिन पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढवतं, हेही त्यांच्या गटाने दाखवलं. असो.

मोठ्या आईची दुसरी खेप २००३ ची. या वेळी डॉक्टरांनी कॅलेंडरवर तारखेभोवती गोल काढून दिला, "इथवर थांबा, मग मला शिव्या द्या." रोज सकाळी मोठे बाबा तिच्या हातावर गोळी ठेवायचे आणि गिळेपर्यंत समोर बसायचे. गोलाच्या दोन दिवस आधी ती उठून मागच्या अंगणात गेली, वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीत हात घातला आणि म्हणाली, "हे कोनं असं वायत घातलं? सारी खडेच खडे."