हिमालयाचा बर्फ आणि लासूरची पेरणी

आपल्या लासूर स्टेशनला बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी, नाहीतर अवकाळीत पडलेल्या गारा. मग इथं हिमालयातल्या बर्फाचा इतिहास कशाला? कारण कपाशी कधी लावायची, हा आपला जूनमधला प्रश्न. त्याचं उत्तर त्या बर्फात शोधायचा प्रयत्न जवळपास १४० वर्षं चालू आहे.

भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ दख्खनने भोगला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं, की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा कोरडा जाण्याचा संभव असतो. आजच्या भाषेत सांगायचं तर बर्फ ऊन परतवतो, तो वितळण्यातच उष्णता खर्ची पडते, जमीन उशिरा तापते आणि मोसमी वाऱ्यांची ओढ कमी होते. १८८६ पासून नियमित अंदाज सुरू झाले. पण बर्फ मोजायचा कसा? डोंगरातले अधिकारी जे लिहून कळवतील, तेवढीच माहिती.

१९६६ पासून उपग्रहांच्या चित्रांवरून बर्फाचे साप्ताहिक नकाशे निघू लागले. त्यांच्या आधारे १९७६ मध्ये हान आणि जगदीश शुक्ला यांनी युरेशियातला बर्फ आणि आपला पाऊस यांचं उलटं नातं दाखवलं. पुढे आपले वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी १६ घटकांचं प्रारूप तयार केलं. १९८८ पासून ते वापरात आलं आणि त्यात हिमालयाचा बर्फही होता. २००२ साली मात्र अंदाज १०१ टक्क्यांचा होता आणि पाऊस झाला ८१ टक्के. पुढच्याच वर्षी प्रारूप बदललं.

आता हे आपल्यालाही तपासता येतं. 'टेरा' उपग्रहावरचं 'मोडिस' उपकरण २००० सालापासून रोज बर्फ टिपतंय, ५०० मीटरच्या चौकटीत. नासाच्या 'अर्थडेटा'वर फुकट खातं उघडायचं. पायथॉनमध्ये 'अर्थअ‍ॅक्सेस' हे साधन बसवायचं. लॉगिन करायचं, संचाचं नाव 'एमओडी१०ए१' द्यायचं, अक्षांश-रेखांशांची चौकट आणि तारखा सांगायच्या, की फायली उतरू लागतात. आधी एकच आठवडा उतरवा. सगळी वर्षं एकदम मागितली तर डिस्क भरेल.

एक मेख लक्षात ठेवा. फायलीत ० ते १०० हे आकडे बर्फाचा निर्देशांक असतात, पण २५० म्हणजे ढग आणि २०० म्हणजे माहिती नाही. हे न गाळता सरासरी काढली, तर ढगच बर्फ म्हणून मोजले जातील! ब्लॅनफर्डपुढे अपुऱ्या माहितीची अडचण होती. आपल्यापुढे आहे ती न पारखता घेतलेल्या माहितीची.

म्हणून २००१-०२ चा हिवाळा उतरवून बघा, शेजारी आपल्या मंडळाच्या पावसाची नोंद ठेवा. पण पंचवीसेक वर्षांच्या आकड्यांवर बियाण्याचे पैसे लावू नका. समुद्राचं तापमान, एल निनो यांचाही पावसात वाटा आहे. पेरणी जमिनीतली ओल बघूनच करायची. या आकड्यांचा उपयोग एवढाच, की उद्या कुणी छातीठोकपणे पाऊस सांगू लागला, तर 'कशावरून?' हे विचारायला आपल्या हाती काहीतरी असेल.